तारेच्या टोकाशी उभा असलेला माणूस

मागच्या सेमच्या वायव्हात सरांनी विचारलं, डीडीआर मेमरीच्या बसला टर्मिनेशन का लागतं आणि त्यासाठी वेगळा व्होल्टेज रेग्युलेटर कशाला? मी गप्प! उत्तर शोधताना ऑलिव्हर हेविसाईड भेटला. 'स्टेप फंक्शन'मुळे नाव माहीत होतं, माणूस नव्हता.

जन्म १८ मे १८५०, लंडन. घरची गरिबी. लहानपणी तापाने कानांवर परिणाम झाला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची. मग तार कंपनीत ऑपरेटर. चोविसाव्या वर्षी तीही नोकरी सोडून पठ्ठ्या घरी बसला आणि मॅक्सवेलचा ग्रंथ एकट्याने शिकला. आपण मॅक्सवेलची म्हणून घोकतो ती चार समीकरणं १८८५ च्या सुमारास त्यानेच त्या रूपात मांडली. 'इम्पीडन्स' हा शब्दही त्याचाच, १८८६ चा.

तारेतला सिग्नल ही लाट असते. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) इथल्या पॉवर हाऊसकडे घाटावरून उतरणारे पाइप आठवा. खालचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला तर दाबाची लाट उलटी वर धावते. तारेतही तसंच. पण टोकाला तारेच्या इम्पीडन्सइतकाच रेझिस्टन्स लावला तर लाट तिथेच जिरते, हे हेविसाईडने गणिताने दाखवलं.

पहिल्या डीडीआरमध्ये हा रेझिस्टन्स २.५ च्या निम्म्या, म्हणजे १.२५ व्होल्टला जोडतात. सिग्नल 'हाय' असला की करंट रेग्युलेटरमध्ये शिरतो, 'लो' असला की बाहेर पडतो. साधा रेग्युलेटर फक्त देतो, ह्याला घेताही यावं लागतं. झालं माझं उत्तर!

हेविसाईडला मात्र त्याच्या उत्तराचे मार्क मिळाले नाहीत. टेलिफोनच्या तारेत इंडक्टन्स वाढवा, आवाज स्वच्छ जाईल, असं त्याने १८८७ मध्ये मांडलं. ब्रिटिश पोस्ट खात्याचे बडे इंजिनिअर विल्यम प्रीस यांनी ते धुडकावलं. १९०० मध्ये अमेरिकेत प्युपिनला त्याच कल्पनेवर पेटंट मिळालं, पैसाही मिळाला. हेविसाईडला १८९१ मध्ये रॉयल सोसायटीने फेलो केलं खरं, पण गरिबी आणि एकटेपणा सुटला नाही. ३ फेब्रुवारी १९२५ ला टॉर्कीत तो गेला.

केटी लागली म्हणून रूमचं दार लावून बसलेल्या माझ्या दोस्तांनो, ह्या माणसाकडे तर डिग्रीच्या परीक्षेचा हॉल तिकीटसुद्धा नव्हता. पुस्तक मात्र त्याने मिटलं नाही.