थॉमस कॅन्डी

मेजर थॉमस कॅन्डी (इ.स. १८०४ – इ.स. १८७७) हे कोशकार, भाषांतरकार आणि पुण्यातील संस्कृत पाठशाळेचे प्रमुख होते. इंग्रजी-मराठी कोश पूर्ण करणारे विद्वान म्हणून ते विशेष ओळखले जातात.

जीवन

कॅन्डी यांचा जन्म इंग्लंडमध्ये व शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले. इ.स. १८२२ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात अधिकारी म्हणून भारतात आले. जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशासाठी (१८३१) त्यांनी व त्यांचे जुळे बंधू जॉर्ज यांनी साहाय्य केले. इ.स. १८३७ मध्ये त्यांच्याकडे संस्कृत पाठशाळेची सूत्रे आली. इ.स. १८५१ मध्ये ही पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज सुरू झाले. त्याचेही ते प्रमुख होते. पुढे हेच डेक्कन कॉलेज झाले. कॅन्डी यांचे निधन महाबळेश्वर येथे झाले.

कोश आणि परिभाषा

इंग्रजी-मराठी कोशाचा आरंभ मोल्सवर्थ यांनी केला होता. प्रकृती बिघडल्याने ते मायदेशी परतले आणि उरलेले काम कॅन्डी यांनी तडीस नेले. इ.स. १८४७ मध्ये, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वी दहा वर्षे, हा कोश मुंबईत प्रसिद्ध झाला.

घरगुती वस्तूंच्या इंग्रजी नावांना मराठी प्रतिशब्द सहज सापडत. न्याय, नीती, तर्क यांसारख्या विषयांत मात्र मराठी शब्द असूनही त्याच्या अर्थाची व्याप्ती इंग्रजी शब्दाशी जुळत नसे. कोशात एका शब्दापुढे अनेक पर्याय देता येतात. अध्यापनात मात्र कोणत्या कल्पनेसाठी कोणता शब्द वापरावा हे निश्चित करावे लागते. ‘नीतिज्ञानाची परिभाषा’ (१८४८) हे कॅन्डी यांचे पुस्तक याच गरजेशी निगडित आहे. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) या पुस्तकाने मराठी लेखनात विरामचिन्हे रुजण्यास हातभार लावला.

मूल्यमापन

शालेय क्रमिक पुस्तके आणि सरकारी भाषांतरे यांवर कॅन्डी यांची देखरेख असे. या कामात त्यांना परशुरामतात्या गोडबोले यांच्यासारख्या पंडितांचे साहाय्य लाभले. त्यामुळे पाठ्यपुस्तकांतील शब्दयोजनेत एकवाक्यता आली. परंतु मराठी मातृभाषा नसलेल्या अधिकाऱ्याचा निर्णय अखेरचा ठरू लागला. पाठ्यपुस्तकांच्या इंग्रजी वळणाच्या मराठीवर पुढील पिढीतील लेखकांनी टीका केली. तरीही शिक्षणासाठी शब्दांचा अर्थ निश्चित असावा, ही त्यांची भूमिका मराठी परिभाषानिर्मितीच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.