दहिवर टिपणारा शेतकरी

विल्सन बेंटली म्हटले की हिमकण आठवतात. कोळ्याच्या जाळ्यावरचे दहिवर टिपणारा बेंटली मला मात्र अधिक जवळचा वाटतो.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, जेरिको या खेड्यात, १८६५ साली तो एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. आईने दिलेल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाने त्याला वेड लावले. वडिलांना हा खुळेपणा वाटे; तरी त्यांनी १०० डॉलर मोजून कॅमेरा आणून दिला. १५ जानेवारी १८८५ रोजी त्याने हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र घेतले. पुढे अशी पाच हजारांवर झाली.

हिवाळा सरला की तो दहिवराकडे वळे. जाळ्याच्या तंतूवर पाण्याचा पातळ लेप बसतो आणि पृष्ठताणामुळे फुटून त्याचे मणी होतात. पण ऊन चढले की मणी गेले, वारा सुटला की चित्र हलले! गाईगुरांचा धंदा सांभाळून हे सारे करायचे, आणि काचा विकायच्या पाच-पाच सेंटांना. हा व्यवहार आतबट्ट्याचाच होता.

१९३१ साली त्याच्या हिमस्फटिकांचा ग्रंथ निघाला. त्याच डिसेंबरात तो हिमवादळातून पायी घरी परतला आणि न्यूमोनियाने गेला. लग्न त्याने केलेच नव्हते. मागे राहिल्या त्या काचा.