मेक्सिकोच्या भिंतीवर वर्ध्याचे खानखोजे

पावसाळा सुरू झाला की कल्याण-कसारा मार्गावरील शहाड, आंबिवली, टिटवाळा या स्थानकांबाहेर मक्याची कणसे भाजणाऱ्यांच्या शेगड्या पेटतात. निखाऱ्यावर तडतडणारे कणीस आणि त्यावर लिंबाच्या फोडीने चोळलेले तिखट-मीठ. घरी परतणाऱ्या चाकरमान्याला त्या क्षणी याहून अधिक काही नको असते. हजारो मैल दूर असलेल्या मेक्सिको शहराच्या जुन्या पेठेतही रस्त्याच्या कडेला असेच कणीस भाजले जाते आणि तेथेही ते लिंबू, तिखट व मीठ लावूनच खाल्ले जाते. मका मूळचा त्याच भूमीतला, मिरचीही तिकडचीच; तेव्हा या साम्याचे फारसे नवल वाटू नये. नवल आहे ते वेगळेच. त्याच पेठेतील एका भव्य सरकारी वास्तूच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एक भित्तिचित्र आहे. त्यात जेवणाच्या मेजाशी बसून आपल्या हातांनी पाव मोडणारा जो मनुष्य दिसतो, तो आपल्या वर्ध्याचा आहे. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

मेक्सिको शहरात कला आणि खाद्यपदार्थ यांची सांगड घालणाऱ्या पायी फेऱ्या निघतात. वाटाड्या पाहुण्यांना घेऊन जुन्या शहराच्या मुख्य चौकातून निघतो, भित्तिचित्रांच्या वास्तू दाखवतो आणि मध्येच एखाद्या टोपलीवालीपाशी थांबवून मक्याच्या पात्यात उकडलेला तमाल किंवा निळसर मक्याच्या पिठाचा, आत घेवड्याचे सारण भरलेला त्लाकोयो खायला लावतो. चित्रे पाहणे आणि खाणे या दोन वेगळ्या हौशी एकाच तिकिटात बसविल्या आहेत, असे प्रथम वाटते. परंतु त्या शहराच्या बाबतीत ही सांगड कृत्रिम नाही. तेथील मोठ्या चित्रकारांनी भिंतींवर जे रंगविले, त्यात मका पेरणारे, खुडणारे, पाट्यावर वाटणारे आणि त्यासाठी लढणारे लोकच फार आहेत.

पाट्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर भिजू द्यायचे, धुऊन साल काढायची आणि दगडी पाट्यावर वाटायचे, ही तेथील बायकांची हजारो वर्षांची रीत आहे. त्या पिठाच्या पातळ भाकऱ्या तव्यावर भाजल्या की झाल्या तोर्तिया. चुन्यामुळे पीठ चांगले मळले जाते, शिवाय मक्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपियनांनी मका उचलला, पण चुन्याची रीत उचलली नाही. परिणामी केवळ मक्यावर जगणाऱ्या तेथील गोरगरिबांना पेलाग्रा नावाचा भयंकर रोग जडला. विद्यापीठांना ज्याचे कारण विसाव्या शतकात कळले, त्यावरचा उपाय मेक्सिकोच्या चुलीपाशी केव्हाच सिद्ध झालेला होता.

खानखोजे या मक्यापर्यंत पोहोचले ते मात्र बंदुकीच्या वाटेने.

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वर्ध्यात जन्मलेला हा मुलगा शाळकरी वयातच क्रांतिकार्याने भारला गेला. लोकमान्य टिळक हे त्याचे दैवत. इंग्रजांना घालवायचे तर सैनिकी शिक्षण हवे आणि ते हिंदुस्थानात मिळणार नाही, हे उमगल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खिशात फारसे काही नसताना त्याने देश सोडला. जपानमार्गे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. मिळेल ती मजुरी करीत शिकला. एकीकडे कॅलिफोर्नियातील सैनिकी शाळेत कवायत आणि दुसरीकडे कृषी महाविद्यालयांत बियाणे, माती व पिके यांचा अभ्यास, असे दुहेरी शिक्षण त्याने घेतले. शेतीचा अभ्यास हा सुरुवातीस आडोसा होता की आवड, हे ठरविण्याच्या भरीस पडू नये. पुढे त्याच आडोशाने त्यांना पोसले, एवढे खरे.

कॅलिफोर्नियातच त्यांची मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळख झाली. मेक्सिकोत १९१० साली क्रांती पेटली होती आणि तेथील शेतकऱ्यांची मागणी जमिनीची होती. स्वातंत्र्य म्हणजे केवळ राज्यकर्त्यांचा रंग बदलणे नव्हे, हा विचार खानखोजे यांच्या मनात तेथे रुजला असावा. १९१३ साली पॅसिफिक किनाऱ्यावरील पंजाबी मजूर आणि हिंदी विद्यार्थी यांनी गदर पक्ष स्थापन केला, तेव्हा त्याच्या सशस्त्र विभागाची सूत्रे खानखोजे यांच्याकडे आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात बंड घडवून आणण्याचा गदरचा बेत फसला. त्यांचे मराठी सहकारी विष्णू गणेश पिंगळे यांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कर्तारसिंग सराभाही त्याच दिवशी फासावर गेले. खानखोजे त्या काळात इराणच्या बाजूने हिंदुस्थानात शिरण्यासाठी इंग्रजांशी लढत होते. नाव बदलून, वेश बदलून, पकडले जाऊन आणि निसटून ते वाचले. पुढे बर्लिन आणि १९२१ साली मॉस्को येथेही ते हिंदी क्रांतिकारकांच्या मंडळींसह गेले. हाती काही लागले नाही. मायदेशी परतणे म्हणजे फासावर जाणे होते.

१९२४ साली ते मेक्सिकोत आले. मानवेंद्रनाथ रॉय त्यांच्या आधी तेथे येऊन, कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत भाग घेऊन निघूनही गेले होते. रॉय यांना तो देश वाटेतला मुक्काम ठरला, खानखोजे यांनी तेथे संसार मांडला. जुन्या मेक्सिकन ओळखी उपयोगी पडल्या आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली. पूर्वीच्या एका जमीनदाराच्या वाड्यात हे विद्यालय भरे. जमीन कसणाऱ्यांच्या मुलांनी धन्याच्या ओसरीवर बसून शेतीशास्त्र शिकावे, यातील मौज त्यांच्यासारख्या माणसाला निश्चितच भावली असेल.

याच चापिंगोच्या प्रार्थनामंदिरात त्या वेळी दिएगो रिव्हेरा भिंती रंगवीत होते. तेथील एका चित्रात क्रांतीचा शेतकरी नेता एमिलियानो सापाता आणि त्याचा एक सहकारी लाल कफनात जमिनीखाली निजलेले आहेत आणि त्यांच्यावर मक्याचे शेत उभे आहे. फाशी गेलेल्या पिंगळ्यांचा सहकारी वर्गात पिकांविषयी शिकवीत होता आणि त्याच आवारात हे चित्र भिंतीवर उमटत होते.

खानखोजे यांचे संशोधन मुख्यतः मक्याचे. तेओसिंते नावाचे एक रानगवत हा मक्याचा पूर्वज. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी नैर्ऋत्य मेक्सिकोतील माणसांनी या गवताच्या मूठभर कठीण दाण्यांतून पिढ्यान् पिढ्या निवड करीत कणीस घडविले. खानखोजे यांनी मका आणि तेओसिंते यांचा संकर करून पाहिला, थंडी आणि अवर्षण सोसणारी वाणे शोधली, गहू व अन्य पिकांवरही काम केले. मक्याच्या नव्या वाणांविषयी त्यांनी स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिल्या. इटलीहून आलेल्या विख्यात छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी टिपलेल्या छायाचित्रांत खानखोजे आपली कणसे हाती घेऊन दिसतात. क्रांतिकारकाचे छायाचित्र म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते, त्याच्याशी या चित्रांचा काही संबंध नाही. अंगात साधा कोट, हातात कणीस आणि चेहऱ्यावर मास्तराचे समाधान.

त्यांचे मला अधिक मोलाचे वाटणारे काम प्रयोगशाळेबाहेरचे आहे. विद्यालयाचे ज्ञान विद्यालयातच राहते, हे पाहून त्यांनी शेतकरी संघटनांच्या मदतीने आसपासच्या खेड्यांत शेतीच्या मुक्त शाळा काढल्या. त्यांतील एकीला सापाताचे नाव होते. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसांना तेथे चांगले बियाणे कसे निवडावे, मातीचा कस कसा राखावा हे शिकविले जाई, आणि त्याबरोबर वाचणेही. नवशिक्या वाचकांच्या हाती वर्तमानपत्र असलेले मोदोत्ती यांचे एक छायाचित्र अशाच एका शाळेतले आहे.

आता पुन्हा पायी फेरीकडे वळू. मुख्य चौकाच्या उत्तरेस काही मिनिटे चालले की शिक्षण मंत्रालयाची वास्तू लागते. दोन प्रशस्त अंगणे आणि त्यांभोवती तीन मजल्यांचे सज्जे. १९२३ ते १९२८ या काळात रिव्हेरा यांनी या सज्ज्यांच्या भिंतींवर शंभराहून अधिक चित्रे काढली. वरच्या मजल्यावर क्रांतीच्या लोकगीताची मालिका आहे. तिच्यातील शस्त्रागाराच्या चित्रात तरुण फ्रिडा काहलो मधोमध उभ्या राहून बंदुका वाटत आहेत आणि एका बाजूस मोदोत्ती काडतुसांचा पट्टा धरून आहेत. पर्यटकांची गर्दी तेथेच अधिक असते, कारण फ्रिडा आता जगभरच्या पिशव्यांवर आणि पेल्यांवर पोहोचल्या आहेत. त्याच मजल्यावर, ज्याचे नाव मराठीत ‘आमची भाकरी’ असे होईल, ते चित्र आहे. मेजाभोवती कामकरी, शेतकरी आणि मुले; मागे डोक्यावर फळांची पाटी घेतलेली स्त्री; आणि मेजाच्या मुख्य जागी पाव मोडणारे खानखोजे. इराणात बंदूक घेऊन लढलेल्या या माणसाला रिव्हेरा यांनी शस्त्रागारात उभे केले नाही, पंगतीत बसविले. चित्रकाराला मित्राची पारख होती.

१९३६ साली त्यांनी जीन सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. दोन कन्या झाल्या. मेक्सिकोचे नागरिकत्वही त्यांनी घेतले होते. परंतु ओढ इकडची होती. ऑगस्ट १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि ज्यासाठी घर सोडले ते साध्य झाले. त्यानंतर जे घडले ते वाचताना मान खाली जाते. त्यांनी भारतात येण्याची परवानगी मागितली, ती प्रथम नाकारण्यात आली. इंग्रजांनी केलेल्या संशयितांच्या यादीत त्यांचे नाव होते, आणि राज्य बदलले तरी यादी बदललेली नव्हती. पुढे बंदी उठली. नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रदेशच्या सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलाविले, आणि पन्नाशीच्या दशकात ते कुटुंबासह कायमचे नागपुरास आले. सत्तरीकडे झुकलेल्या, परदेशी नागरिकत्वाच्या या शास्त्रज्ञाचे नेमके काय करावे, हे येथील कारभाऱ्यांना उमगले नाही. चापिंगोत ज्याच्यासाठी शेत आणि शाळा उभ्या राहिल्या, त्याला विदर्भात तसे काही लाभले नाही.

१९६६ साली भारताने मेक्सिकोहून सुमारे अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले आणि हरितक्रांतीला वेग आला. त्या बियाण्यामागे नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कष्ट होते. खानखोजे यांना त्याचे श्रेय देण्याचा मोह काहींना होतो. तो टाळलेला बरा, त्यांचे स्वतःचे काम पुरेसे आहे. मेक्सिकन गहू पंजाबच्या शेतांत उभा होता त्याच हंगामात, जानेवारी १९६७ मध्ये, नागपुरात त्यांचे निधन झाले.

मराठीत वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि कन्या सावित्री सॉहनी यांनी इंग्रजीत, म्हणून निदान वाचकांना ते ठाऊक आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. शिक्षण मंत्रालयाच्या त्या वास्तूत २०२४ साली भित्तिचित्रांचे संग्रहालय सुरू झाले. तेथे जाणाऱ्या मराठी पाहुण्याने वाटाड्या फ्रिडापाशी रेंगाळला तरी थोडे पुढे सरकावे, कारण आपल्या गावचा माणूस त्याच मजल्यावर बसलेला आहे. चापिंगो शहराबाहेर टेस्कोकोच्या बाजूस आहे. ते पायी फेरीत बसत नाही, त्यासाठी एक दिवस वेगळा काढावा लागतो.