रुळांवरचा गायक

अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नावाचे राज्य आहे. तेथील मेरिडियन गावाच्या परिसरात ८ सप्टेंबर १८९७ रोजी जिमी रॉजर्स यांचा जन्म झाला. मातेचे छत्र लहानपणीच हरपले. वडील रेल्वेत मुकादम होते. त्यामुळे जिमीही कोवळ्या वयातच रुळांवर कामाला लागला. मजुरांना पाणी पाजता पाजता त्याने त्यांची श्रमगीते आत्मसात केली. पुढे आगगाडीचे ब्रेक सांभाळण्याचे जोखमीचे काम त्याच्याकडे आले.

१९२४ साली रॉजर्स यांना क्षयाने गाठले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. रेल्वेचे काम सुटले; पण हातची गिटार सुटली नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी ब्रिस्टल गावी त्यांची गाणी प्रथम मुद्रित झाली. त्यांचा आवाज गाता गाता एकदम वरच्या पट्टीत झेप घेई. आगगाडी, घर आणि विरह हे त्यांच्या गीतांचे विषय. आपलेच सुखदुःख कोणी गात आहे, असे कष्टकरी श्रोत्यांना वाटे.

कीर्ती आली, धन आले. रोग मात्र हटला नाही. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्क येथे अखेरची गाणी मुद्रित करताना ते मधून मधून खाटेवर पडून विसावा घेत व पुन्हा गावयास उभे राहत. त्याच महिन्याच्या २६ तारखेला, अवघे ३५ वर्षांचे असताना, त्यांनी देह ठेवला. आगगाडीनेच त्यांचे पार्थिव मेरिडियनला आणले.

अमेरिकेतील ग्रामीण ढंगाच्या गायनास कंट्री संगीत म्हणतात. त्या संगीताच्या सन्मानमंदिरात १९६१ साली प्रथम ज्या तिघांना स्थान मिळाले, त्यांत रॉजर्स हे एक होते. शरीर खचले, तरी त्यांनी आपला सूर खचू दिला नाही.