विश्लेषण : गांधीजींचा गोल चष्मा इतका शोभला कसा? फ्रेम निवडताना त्यातून काय शिकावे?

खिशातली पाचशेची नवी नोट काढून बघा. पुढच्या बाजूला महात्मा गांधींच्या डोळ्यांवर चष्मा आहे. मागच्या बाजूला ‘स्वच्छ भारत’च्या बोधचिन्हात नुसताच चष्मा आहे. चेहरा नाही, तरीही तो कोणाचा हे सांगावे लागत नाही. हे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी तयार केले. एखादी फ्रेम एखाद्या माणसाची ओळख कशी बनते? आणि तीच फ्रेम आपल्यालाही शोभेल का?

गांधीजींना फॅशन ठाऊक नव्हती का?

चांगलीच ठाऊक होती. २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेले मोहनदास १८८८ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. तिथे काही महिने त्यांनी साहेबी थाटाचा हौसेने प्रयत्न केला. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली आणि भावाकडून सोन्याची दुपदरी घड्याळ-साखळी मागवली. टाय आणि भांग नीट करण्यात रोज दहा मिनिटे आरशासमोर जात. नृत्याचे आणि व्हायोलिनचे धडेही झाले. हा सगळा हिशेब त्यांनी पुढे आत्मचरित्रात स्वतःच मांडला आहे. म्हणजे पुढचा साधेपणा अजाणतेपणातून आलेला नव्हता. थाट करून पाहून, त्याची किंमत मोजून त्यांनी तो सोडला होता.

डोळ्यांवर कामाचा ताण किती होता?

१८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. वकिली, आंदोलन, ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिक आणि रोजचा पत्रव्यवहार हे सगळे एकाच वेळी चाले. नोव्हेंबर १९०९ मध्ये लंडनहून परतताना त्यांनी जहाजावरच ‘हिंद स्वराज’ लिहिले. उजवा हात दुखू लागला की ते डाव्या हाताने लिहीत. तेव्हा त्यांनी नुकतीच चाळिशी गाठली होती. मराठीत जवळच्या चष्म्यालाही ‘चाळिशी’च म्हणतात, कारण या वयात डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे अक्षर धूसर दिसू लागते. गांधीजींचे लेखन तर शेवटपर्यंत थांबले नाही. त्यांच्या समग्र इंग्रजी वाङ्मयाचे शंभर खंड आहेत.

सगळे सोडले, मग चष्मा का राहिला?

९ जानेवारी १९१५ रोजी ते भारतात परतले. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत त्यांनी सदरा-टोपी सोडून पंचा स्वीकारला. १९३० मध्ये दांडीयात्रा झाली. त्याच वर्षी १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी आपल्या जिल्ह्यातल्या पुसदला जंगल सत्याग्रह केला. १९३१ मध्ये गांधीजी त्याच वेशात बकिंगहॅम राजवाड्यातही गेले. अंगावरच्या वस्तू एकेक करून कमी होत गेल्या. उरल्या त्या कामाच्या : घड्याळ, चपला, काठी आणि चष्मा. लंडनमधला सूट लोकांना दाखवण्यासाठी होता, हा चष्मा स्वतःला दिसण्यासाठी होता.

यवतमाळहून कळंब-देवळीमार्गे वर्ध्याला गेले की पुढे सेवाग्राम लागते. १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम तिथे होता. परिसरातली माती, बांबू आणि गावातलेच कारागीर यांच्या बळावर तिथल्या कुट्या उभ्या राहिल्या. चष्म्यामागचा हिशेबही याच जातीचा दिसतो.

त्या फ्रेममध्ये विशेष काय होते?

दिसायला काहीच नाही. बारीक तारेची गोल फ्रेम ही त्या काळातली सर्वसाधारण फ्रेम होती. पण तिच्या घडणीत तर्क आहे. तेव्हा भिंगे काचेची, म्हणजे जड असत. भिंग लहान ठेवले की वजन घटते. गोल भिंगाला कोपरे नसतात, त्यामुळे मायनस नंबर असला तरी कडा फार जाड होत नाहीत. जुन्या तारेच्या फ्रेमना बहुधा नोजपॅड नसत. वाकवलेला ब्रिजच थेट नाकावर बसे. तो त्या नाकाच्या मापाचा असेल तरच चष्मा टिके, दुसऱ्याचा उसना घेतला तर घसरे.

१९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी टिपलेले छायाचित्र आठवा. पुढे चरखा आहे आणि मागे गांधीजी मान खाली घालून कात्रणे वाचत आहेत. मान झुकली तरी चष्मा जागेवर आहे. चांगल्या फ्रेमची हीच खरी परीक्षा.

३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चष्मा, घड्याळ, चपला आणि ताट-वाटी मिळून १८ लाख डॉलरना विकले गेले. २०११ मध्ये सेवाग्राम आश्रमातला चष्मा चोरीला गेल्याचे उघड झाले. ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिस्टलमधल्या लिलावगृहाच्या टपालपेटीत पाकिटातून आलेल्या एका चष्म्याला २ लाख ६० हजार पौंड मिळाले. रुपयांत सुमारे अडीच कोटी. पण ही किंमत आठवणीची आहे. तो चष्मा दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांना उपयोगाचा नाही, कारण त्यातला नंबर एकाच माणसाचा होता.

मग आपण गोल फ्रेम घ्यावी का?

आवडत असेल तर जरूर घ्यावी, पण आकाराआधी माप बघावे. फ्रेमच्या दांडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असे आकडे असतात. पहिला भिंगाची रुंदी, दुसरा ब्रिजचे अंतर, तिसरा दांडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. जुना चष्मा नीट बसत असेल तर त्याचे आकडे लिहून दुकानात न्यावेत.

फ्रेम घातल्यावर बुबुळे भिंगाच्या साधारण मध्याजवळ यायला हवीत. दोन बुबुळांमधले अंतर मोजूनच भिंग बसवून घ्यावे. ते चुकले तर नंबर बरोबर असूनही डोके दुखते. दांडीचा बाक कानाच्या वरच्या टोकापाशीच सुरू व्हावा. मान खाली घालून पाहावे, चष्मा घसरला तर फ्रेम तिथेच परत द्यावी. सिलिंडर नंबर असलेल्यांनी गोल फ्रेममध्ये भिंग घट्ट बसले आहे ना हे तपासावे. गोल भिंग थोडे जरी फिरले तरी त्या नंबराची दिशा बदलते आणि धूसर दिसते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. घामाने हलका मुलामा उडतो आणि धातूवर हिरवट थर येतो. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली प्लास्टिकची फ्रेम वाकू शकते. मुलांच्या बाबतीत तर पुढे वाढेल म्हणून मोठी फ्रेम घेणे टाळावे. घसरणाऱ्या चष्म्यातून मूल वरून बघू लागते आणि नंबर असूनही नसल्यासारखाच होतो.