फ्रांस्वाझ-जोसेफीन द लूर-सालूस

फ्रांस्वाझ-जोसेफीन द लूर-सालूस (१७६८ – १८५१) या फ्रान्समधील बोर्दो प्रांतातील सोतेर्न येथील ‘शातो दिकेम’ या द्राक्षमळ्याच्या मालकीण होत्या. हा मळा गोड पांढऱ्या वाइनसाठी जगप्रसिद्ध आहे.

जीवन

१५९३ पासून हा मळा सोव्हाज घराण्याकडे होता. या घराण्याच्या वारसदार असलेल्या फ्रांस्वाझ-जोसेफीन यांचा विवाह १७८५ मध्ये काउंट लुई-आमेदे द लूर-सालूस यांच्याशी झाला. १७८८ मध्ये घोड्यावरून पडून पतीचे निधन झाले. विसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या फ्रांस्वाझ-जोसेफीन यांनी मळ्याचा कारभार स्वतः हाती घेतला. १७९० मध्ये थॉमस जेफरसन यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासाठी येथून ३० डझन बाटल्या मागवल्या. पुढे राज्यक्रांतीच्या काळात फ्रांस्वाझ-जोसेफीन यांना तुरुंगवास घडला. तरीही मळा घराण्याकडेच राहिला.

कार्य

सोतेर्नच्या शरद ऋतूतील धुक्यामुळे द्राक्षांवर ‘बोट्रायटिस सिनेरिया’ ही बुरशी वाढते. एरवी पिकाची हानी करणाऱ्या या बुरशीमुळे येथे द्राक्षांतील पाणी आटते व साखरेचे प्रमाण वाढते. सर्व मणी एकाच वेळी तयार होत नसल्याने तोडणी अनेक फेऱ्यांत करावी लागते. ही खर्चिक पद्धत त्यांच्या काळात मळ्यावर रूढ झाली. १८२६ मध्ये त्यांनी जोखीम पत्करून वाइननिर्मितीसाठी स्वतंत्र इमारत बांधली.

त्यांच्यानंतर मळा नातू रोमें-बेर्त्रां यांच्याकडे आला. १८५५ च्या बोर्दो वर्गवारीत गोड पांढऱ्या वाइनमधील सर्वोच्च श्रेणी एकट्या दिकेमला मिळाली.