लिहून दिलेलं भाषण

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांबरोबर वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. सामाजिक कामामुळे ओळखी झालेल्या, त्यामुळे परीक्षक म्हणून मलाही बोलावणं येतं. आठवी ते दहावीची मुलं-मुली, एक बाजू अनुकूल, एक प्रतिकूल, मोजून दिलेली मिनिटं आणि वेळ संपत आली की घंटा. स्पर्धा संपल्यावर चहा पिताना एक तक्रार हमखास ऐकू येते. ही भाषणं मुलांची नसतातच, आईने नाहीतर बाईंनी लिहून दिलेली असतात! तक्रार खोटी नाही. पण ती ऐकली की मला रमाबाई रानडे आठवतात. कारण त्यांचं पहिलं भाषणही दुसऱ्याने लिहून दिलेलं होतं.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावचा. आज हे गाव सांगली जिल्ह्यात येतं. माहेरच्या त्या यमुना कुर्लेकर. मुलीच्या हातात पुस्तक द्यायचं नाही, असाच तो काळ. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या पुण्याला आल्या. नवरा एकतीस वर्षांचा बिजवर, विद्वान म्हणून नाव झालेला आणि विधवाविवाहाचा पुरस्कर्ता. माधवराव रानड्यांनी स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करावं अशी सुधारकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचं काही चाललं नाही आणि लोकांनी त्यांना त्याबद्दल बोल लावला, तो योग्यच होता.

मात्र घरात आलेल्या या मुलीला त्यांनी लगेच शिकवायला घेतलं. आधी मुळाक्षरं, मग मराठी वाचन आणि पुढे इंग्रजी. शिकवणं सोपं, पण त्या एकत्र कुटुंबात शिकणं अवघड होतं. दिवसभर सासूबाई, नणंद आणि इतर वडीलधाऱ्या बायकांच्या हाताखाली काम आणि अभ्यास रात्री. नवऱ्याला कुणी काही बोलत नसे, सगळे टोमणे सुनेच्या वाट्याला. आपल्यापैकी बऱ्याच जणींना हे निराळं सांगायला नको!

पुढे माधवरावांची बदली नाशिकला झाली. तिथे एका शाळेच्या समारंभात रमाबाई पहिल्यांदा चारचौघांसमोर बोलल्या. भाषण माधवरावांनी लिहून दिलेलं, रमाबाईंचा होता तो फक्त आवाज. पण बाईमाणसाने सभेत उभं राहून आवाज काढणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. उसन्या शब्दांनी का होईना, पाय थरथरत असताना उभं कसं राहायचं हे त्या शिकल्या.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या. घरी विरोध वाढला, तरी त्यांनी जाणं सोडलं नाही. मुलींसाठी हायस्कूल हवं, ही मागणी त्याच सुमारास जोर धरू लागली होती. पुण्याच्या सभेत मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांसमोर ही मागणी इंग्रजीतून वाचून दाखवली ती रमाबाईंनी. बाईने भर सभेत, पुरुषांसमोर इंग्रजी वाचलं! घरी आल्यावर बायकांनी त्यांना नको नको ते ऐकवलं. रमाबाई उलट बोलल्या नाहीत. पण पुढच्या सभेलाही गेल्या.

२९ सप्टेंबर १८८४ रोजी ती शाळा सुरू झाली. तीच आपली हुजूरपागा. मुलींना इंग्रजी शिकवावं का, दिवसभर शाळेत बसवलं तर घरकामाचं काय, यावरून टिळकांच्या बाजूने वर्तमानपत्रांतून जोरदार टीका झाली. म्हणजे त्या काळचा केवढा मोठा वादविवाद! आणि ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्या मुली मात्र कुठल्याच बाजूला बोलायला नव्हत्या.

१८९३ मध्ये माधवराव हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला हललं. तिथे रमाबाईंनी स्त्रियांसाठी क्लब काढला, भाषा आणि शिवणाचे वर्ग चालवले. १९०१ च्या जानेवारीत माधवराव गेले. लिहून देणारा हात आता नव्हता. तिथून पुढची तेवीस वर्षं रमाबाई जे बोलल्या ते स्वतःचं. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. विधवा, परित्यक्ता, अर्धवट शिकलेल्या बायका तिथे शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या. १९१० मध्ये त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. साध्या, घरगुती मराठीतलं ते पुस्तक आजही वाचवतं. १९२० च्या सुमारास पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं ते आधी मुलांनाच, असा विचार पुढे आला. तेव्हा मुलींनाही ते मिळालंच पाहिजे म्हणून साठीला टेकलेल्या रमाबाई बायकांना घेऊन उभ्या राहिल्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

म्हणून मैत्रिणींनो, मुलीला भाषण लिहून दिलंत तर त्यात काही वाईट नाही. सुरुवात अशीच होते. माझी काळजी निराळी आहे. स्पर्धेत प्रतिवादाची फेरी आली की लिहून दिलेलं संपतं. समोरच्याचं ऐकून तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं आणि छान पाठ करून आलेल्या कितीतरी मुली इथे गप्प होतात. त्यांना मुद्दे सुचत नाहीत असं मला वाटत नाही. घरात कुणाला उत्तर दिलं की त्याला आपण ‘उलट बोलणं’ म्हणतो, आणि मुलापेक्षा मुलीला जास्त वेळा म्हणतो. ही सवय व्यासपीठावर एकदम कशी मोडणार?

रमाबाईंना घरात गप्प राहून बाहेर बोलावं लागलं, कारण त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. आपल्या मुलींवर ती वेळ का यावी? भाषण लिहून द्या, पण जेवताना त्याच विषयावर विरुद्ध बाजू तुम्ही घ्या. तिने तुमचा मुद्दा खोडला तर रागावू नका. आजीलाही या वादात ओढा, मजा येईल. करंडक दुसऱ्या शाळेत गेला तरी चालेल, तुमची मुलगी बोलायला लागलेली असेल.